मुद्देमाल

एकतीस वर्षं मी गांजा मोजला.
ओढला नाही. मोजला.
काळ्या घोड्याजवळ, कोर्टाच्या तळघरात,
गोणीच्या तोंडाला लाख, लाखेवर पितळी शिक्का,
आणि रजिस्टरात: हिरवट तपकिरी, उग्र वासाचा,
बोंडांसह.

बोंडांसह, हा शब्द महत्त्वाचा.
कायद्याच्या लेखी फुलोरा म्हणजे गांजा.
शेंड्यावाचून नुसतं पान, नुसती बी,
व्याख्येबाहेर.
झाडाला हे कुणी कळवलेलं नाही.

एकदा कामेरकर वकिलांनी
अख्खी दुपार नुसत्या पानावर काढली.
सहा किलोतून पानं वेगळी केलीच नव्हती,
वजन कशाचं धरणार?
पोरगं सुटलं. एकोणीस वर्षांचं, शिवडीचं.
जाताना मला म्हणालं,
"आमच्या आईला बसवायचं ना, साहेब.
मेथी काय निवडते!"

एकदा दोन गोण्या हलक्या भरल्या.
शेरा: उंदरांनी खाल्ला.
खाली सही माझी आहे.

मग मी निवृत्त झालो,
आणि शालनला नागीण झाली.
नागीण गेली, तिची आग बरगडीत राहिली.
ब्लाउजचा काठ लागला तरी ओरडायची,
पंख्याचं वारं लागलं तरी.
रात्रभर माझगावच्या खिडकीत उभी,
गोदीतले दिवे मोजत.

तळमजल्यावरचा रॉयस्टन हळूच म्हणाला,
"अंकल, एक पुडी आणू? माझ्या मावशीला लागू पडलं."
मी त्याच्याकडे असं पाहिलं
जसं माझ्याकडे अजून शिक्का आहे.

वैद्य दाबकेबाईंनी चिठ्ठी दिली. बाटली आली.
करंगळीएवढी, तपकिरी काचेची. नाव विजया.
मी भिंग घेऊन बसलो:
परवाना क्रमांक, बॅच, मुदत, पानाचा अर्क.
सील शाबूत.
मग झाकण उघडलं
आणि ते तळघर आमच्या स्वयंपाकघरात आलं.

मला वाटलं, ती नाक मुरडेल.
शालन म्हणाली, "हा तर तुझ्या शर्टांचा वास.
एकतीस वर्षं धुतलाय."

पाचव्या रात्री ती झोपली.
मी जागा राहिलो, सवयीने,
कुणीतरी ताब्यात घ्यायला येईल म्हणून.

बाराव्या दिवशी दंडावर निळा डाग.
ब्रश केला तर बेसिनमध्ये लाल.
डॉक्टर खंबाटांनी रिपोर्ट पाहिला,
चष्मा काढला, पुन्हा लावला.
रक्त पातळ करायची गोळी ती नऊ वर्षं घेते, झडपेसाठी.
आकडा अडीचचा पावणेपाच झाला होता.
"नवीन काय सुरू केलंत?"
मी खिशातून चिठ्ठी काढली, घडी मोडून, सरळ करून,
जशी नाकाबंदीत दाखवायची ठरवली होती.
ते म्हणाले, "हे पोलिसांना दाखवा.
मला आधी सांगायचं होतं."

वैद्यबाईंनी गोळ्यांचं विचारलं होतं.
आम्ही फक्त बीपीची सांगितली.
दुसरी म्हणजे काय औषध आहे,
ती तर आमच्यात मीठासारखी झालेली.

बाटली बंद. आग परत.
तो आठवडा मी कुठल्याच रजिस्टरात लिहिलेला नाही.

मग दोघं फोनवर बोलले,
पारशी डॉक्टर आणि दाबकेबाई, पंचवीस मिनिटं,
मी बाहेर बाकावर, जामिनाची वाट बघावी तसा.
ठरलं: सहाऐवजी दोन थेंब. गोळीही थोडी कमी.
दर सोमवारी रक्त.
रात्री बाथरूमला एकटीने जायचं नाही.
"गुण किती येईल?" मी विचारलं.
"माहीत नाही," दोघंही म्हणाले. वेगवेगळं, पण तेच.

आता लाल पुठ्ठ्याची वही आहे.
तारीख, थेंब, वेळ, सोमवारचा आकडा.
बाटली कपाटात, किल्ली माझ्याकडे,
कारण नातू येतो, आणि कारण मी असाच आहे.

शेऱ्याचा रकाना मी रिकामा ठेवायचो.
काल चष्मा शोधताना वही उघडी दिसली.
तिच्या तिरक्या अक्षरात, पेन्सिलने:
आज मेथी निवडली.
एक जुडी.
बसून.